इसब आणि प्रोबायोटिक-प्रीबायोटिक: पालकांना नेमकं काय सांगायचं?

घननीळ

इसब (अ‍ॅटोपिक डर्मटायटिस) असलेल्या मुलांच्या पालकांसाठी दोन पानी माहितीपत्रक लिहितो आहे. आंघोळ, मॉइश्चरायझर, स्टेरॉईड मलम हा भाग पक्का झाला. गाडी अडली आहे ती प्रोबायोटिकच्या (फायद्यासाठी द्यायच्या जिवंत जिवाणूंच्या) परिच्छेदापाशी.

२००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या फिनलंडच्या प्रोबायोटिक अभ्यासात इसबाचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. २०१८ चा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचा एकत्रित लेखाजोखा) मात्र फायदा जवळजवळ नाहीच म्हणतो. दोन्ही काम चोख आहे. मग पालकांना सांगायचं काय?

शिवाय हेही हवं आहे: डबीवरच्या लेबलावर काय वाचायचं, इन्युलिनसारख्या प्रीबायोटिक (आतड्यातल्या जिवाणूंना खाद्य ठरणाऱ्या) पावडरीचा त्वचेला उपयोग होतो का आणि किती ग्रॅम, 'प्रोबायोटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये खरोखर काय असतं, आणि कोणाला हे मुळीच देऊ नये. 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहून पालकांच्या हाती काही पडत नाही, म्हणून आकड्यांसकट उत्तरं मिळाली तर बरं.

---

औदुंबर

विसंगती वाटते, कारण दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. इसब होऊ नये म्हणून देणं आणि झालेलं इसब बरं व्हावं म्हणून देणं. माहितीपत्रकात हे दोन परिच्छेद वेगळेच ठेवा, नाहीतर एकाचा पुरावा दुसऱ्याला चिकटतो. जाहिरातींमध्ये नेमकं हेच होतं.

फिनलंडचा अभ्यास पहिल्या प्रकारातला. घरात अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेल्या गर्भवतींना बाळंतपणाआधी दोन ते चार आठवडे लॅक्टोबॅसिलस जीजी दिलं, रोज १×१०¹⁰ सीएफयू, म्हणजे १,००० कोटी जिवंत जिवाणू. नंतर सहा महिने ते आईला किंवा बाळाला चालू ठेवलं. दोन वर्षांनी इसब होतं जीजी गटातल्या ६४ पैकी १५ मुलांना (२३ टक्के) आणि प्लासिबो (जिवाणू नसलेली, तशीच दिसणारी नकली मात्रा) गटातल्या ६८ पैकी ३१ मुलांना (४६ टक्के). फरक मोठा आहे, यात वाद नाही.

पण २००८ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला हाच जिवाणू, दिवसाची एकूण मात्राही तीच (५×१०⁹, दिवसातून दोनदा) आणि जवळपास तसाच कालावधी ठेवून अभ्यास झाला. इसब २८ टक्के विरुद्ध २७.३ टक्के. काहीच फरक नाही. उलट वारंवार घरघरीसह ब्राँकायटिस होण्याचं प्रमाण जीजी गटात जास्त दिसलं: २६ टक्के विरुद्ध ९.१ टक्के. गट लहान होते, त्यामुळे त्यावरून 'जीजीने दमा होतो' असा निष्कर्ष काढू नये. 'झाला तर फायदाच, तोटा काहीच नाही' हे वाक्य मात्र पत्रकात नको.

न्यूझीलंडचा २००८ चा अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो. एकाच अभ्यासात दोन जिवाणू शेजारी-शेजारी तपासले. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस एचएन००१ घेतलेल्या मुलांत दोन वर्षांपर्यंतचं इसब सुमारे निम्म्यावर आलं, बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस एचएन०१९ घेतलेल्यांत आलं नाही. डॉक्टर, हवामान, निदानाचे निकष सगळं सारखं, बदललेला मुख्यतः जिवाणू. त्यामुळे 'प्रोबायोटिकने इसब टळतं का' या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही. पुढे २०१८ मध्ये तोच एचएन००१ फक्त आईला दिला आणि बाळाला थेट दिला नाही, तेव्हा फायदा दिसला नाही. म्हणजे कोणता जिवाणू याबरोबरच तो कोणाला आणि कधी दिला हेही मोजावं लागतं.

जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २०१५ मध्ये जास्त जोखमीच्या कुटुंबांतल्या गर्भवती, स्तनदा माता आणि बाळांसाठी प्रोबायोटिक वापरण्याची शिफारस केली. पण ती सशर्त आहे, आणि पुराव्याची प्रत 'अत्यंत कमी' असं त्यांनीच नोंदवलं आहे. विक्रेते पहिलं वाक्य छापतात, दुसरं गाळतात.

आता झालेल्या इसबाकडे. कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात ३९ चाचण्या आणि २,५९९ रुग्ण होते. स्कोरॅड हे इसबाच्या तीव्रतेचं ० ते १०३ गुणांचं मोजमाप, जास्त गुण म्हणजे जास्त इसब. प्रोबायोटिक गटात ते सरासरी ३.९१ गुणांनी जास्त उतरलं. पण रुग्णाला 'बरं वाटतंय' असं जाणवायला साधारण ८.७ गुणांचा उतार लागतो. कागदावर फरक आहे, अंगावर तो जाणवण्याइतका नाही. खाज आणि झोप यांबद्दल रुग्णांनी किंवा पालकांनी स्वतः दिलेल्या गुणांतही फारसा फरक पडला नाही.

उलट बाजूने २०१८ चाच स्पेनमधला अभ्यास पुढे केला जातो: ४ ते १७ वर्षांची ५० मुलं, तीन जिवाणूंचं मिश्रण, १२ आठवडे, आणि स्कोरॅडमध्ये प्लासिबोपेक्षा १९.२ गुणांची जास्त घट. आकडा देखणा आहे, पण मुलं ५०. दुसऱ्या स्वतंत्र गटात, दुसऱ्या हातांनी तेच मिळेपर्यंत मी तो पत्रकात घालणार नाही. फ्रायबुर्गने तेवढं तरी शिकवायला हवं.

---

कस्तुरी

लेबलबद्दल मी लिहिते.

जिवाणूच्या नावाचे तीन भाग असतात: वंश, जाती आणि स्ट्रेन (त्या जातीतला नेमका वाण). 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' एवढंच छापलं असेल तर ते अर्धवट नाव आहे. पुढे 'जीजी', 'एचएन००१' असा स्ट्रेनचा खूण-क्रमांक हवाच. औदुंबर यांनी दिलेले सगळे निकाल त्या शेवटच्या खुणेचे आहेत, जातीचे नाहीत. खूण नसेल तर ते उत्पादन कुठल्याही अभ्यासाशी जोडता येत नाही. डबी बाजूला ठेवा.

इथे पालकांचा एक गोंधळ होतो. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या वंशाची फेरमांडणी होऊन त्याचे २५ वंश झाले. ऱ्हॅम्नोसस आता लॅक्टिकेसिबॅसिलस, रॉयटेरी हा लिमोसिलॅक्टोबॅसिलस, प्लँटॅरम हा लॅक्टिप्लँटिबॅसिलस. जुन्या डबीवर एक नाव आणि नव्या डबीवर दुसरं दिसलं, तरी स्ट्रेनची खूण तीच असेल तर जिवाणू तोच.

मग संख्या. १×१०⁹ म्हणजे १०० कोटी. ती बनवतानाची आहे की मुदत संपेपर्यंतची, हे वाचायचं. 'उत्पादनाच्या वेळी' असं लिहिलं असेल तर प्रत्यक्ष पोटात किती जातात याचा भरवसा नाही, कारण गोठवून वाळवलेले जिवाणूही ओल आणि उष्णतेने मरत राहतात. मिश्रणात आठ-दहा स्ट्रेन आणि खाली एकच एकूण आकडा, ही दुसरी पळवाट. ज्या स्ट्रेनवर अभ्यास झाला ती त्यात नावापुरती असू शकते. आकडा मोठा म्हणजे औषध जोरदार, असंही नाही. अभ्यासात जी मात्रा होती तिच्या आसपास राहणं हाच निकष.

साठवण आणि देण्याच्या पद्धतीत होणाऱ्या चुका नेहमीच्याच आहेत. पुडी गरम दुधात किंवा उकळत्या पेजेत टाकली की जिवाणू मेले. पातळ पदार्थ हाताला कोमट लागेल इतकाच असावा, आणि कालवल्यावर लगेच द्यावा, बाटलीत भरून दिवसभर ठेवू नये. कॅप्सूल उघडताना बोटं कोरडी हवीत. डबीतली ओल शोषणारी पुडी फेकू नये. ओल्या चमच्याने पावडर काढली की उरलेली डबी खराब व्हायला लागते. 'फ्रिजमध्ये ठेवा' लिहिलं असेल तर ते प्रवासातही पाळायचं.

प्रतिजैविक चालू असेल तर जिवाणूंचं प्रोबायोटिक आणि प्रतिजैविक यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवतात. सॅकरोमायसिस बोलार्डी हे प्रोबायोटिक जिवाणू नसून यीस्ट असल्यामुळे त्याला प्रतिजैविकाने बाधा येत नाही, पण बुरशीविरोधी औषध पोटातून चालू असेल तर ते निष्प्रभ होतं.

आणि ज्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं ते: बऱ्याच प्रोबायोटिकची वाढ दुधाच्या माध्यमात केलेली असते आणि अंतिम पावडरीत दुधाच्या प्रथिनाचे अंश राहू शकतात. इसब असलेल्या लहान मुलांत दुधाची अ‍ॅलर्जी तुलनेने जास्त आढळते. म्हणजे ज्यांच्यासाठी ही पुडी आणली जाते, त्यांच्यापैकीच काहींना ती बाधू शकते. दुधाच्या अ‍ॅलर्जीचं निदान झालेलं असेल तर 'दुग्धप्रथिनमुक्त' असं स्पष्ट छापलेलं उत्पादनच घ्यावं. 'लॅक्टोजमुक्त' वेगळं, त्याने प्रथिनाचा प्रश्न सुटत नाही.

---

पारिजात

प्रीबायोटिकबद्दल.

आधी त्वचेशी संबंध कसा लावतात ते. इन्युलिन, एफओएस (फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड), जीओएस (गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड) हे लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी मेदाम्लं तयार होतात. ब्युटिरेट प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींना मदत करतं. इसबात आयएल-४ आणि आयएल-१३ ही रसायनं वाढलेली असतात आणि ती त्वचेतलं फिलॅग्रिन हे प्रथिन कमी करतात, त्याने त्वचेची भिंत आणखी कच्ची होते. तेव्हा आतड्यातून आवर बसला तर त्वचेला लाभ व्हावा, हा तर्क. तर्क चांगला आहे, पण त्यातला बराच भाग प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आला आहे. आणि ज्याच्या जनुकातच फिलॅग्रिनचा दोष आहे, त्याची भिंत आतडं कितीही सुधारलं तरी पूर्ण बांधली जाणार नाही. त्याला बाहेरून लेप लागतोच.

माणसांतला भक्कम पुरावा म्हणावा तर तो वरच्या दुधातला आहे. २००६ मध्ये जास्त जोखमीच्या बाळांना जीओएस आणि एफओएस ९:१ प्रमाणात, १०० मिलीला ०.८ ग्रॅम, असं मिसळलेलं दूध दिलं. सहा महिन्यांनी इसब ९.८ टक्के, प्लासिबो गटात २३.१ टक्के. मग २०१६ मध्ये बऱ्याच मोठ्या अभ्यासात अंशतः विघटित प्रथिनांचं, अशाच मिश्रणाबरोबर पेक्टिनपासूनचे ऑलिगोसॅकराइड घातलेलं दूध तपासलं, तर वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत २८.७ टक्के. दुधाचा पाया वेगळा होता, मिश्रणही तंतोतंत तेच नव्हतं, त्यामुळे पहिल्या अभ्यासावर फुली मारता येत नाही. पण पालकांनी त्यासाठी दूध बदलावं असं म्हणण्याइतका आधार मला दिसत नाही. स्तनपान चालू असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. आईच्या दुधात ऑलिगोसॅकराइड भरपूर असतात.

दोन्ही एकत्र, म्हणजे सिनबायोटिक, याबद्दल २०१६ च्या एका एकत्रित विश्लेषणात आठ आठवड्यांनी स्कोरॅड ६.५६ गुणांनी जास्त उतरलं. एक वर्षावरच्या मुलांत आणि एकापेक्षा जास्त स्ट्रेन असलेल्या मिश्रणांत फायदा दिसला. ३.९१ पेक्षा बरं, पण ८.७ च्या खालीच. सिनबायोटिक मी पूर्ण निकालात काढणार नाही. मोठ्या मुलात करून पाहायचंच असेल तर याचा क्रम आधी लावेन.

मात्रेविषयी. प्रौढाने इन्युलिन रोज २ ग्रॅमपासून सुरू करावं, दर आठवड्याला एक-दीड ग्रॅमने वाढवत ५ ग्रॅमपर्यंत न्यावं. एकदम १० ग्रॅम घेतलं की पोट फुगणं, गुडगुडणं, वायू आणि कधी पातळ शौच हे ठरलेलं. मग लोक 'मला सोसत नाही' म्हणून तिसऱ्या दिवशी सोडतात. चमच्याने मोजू नका, पावडरीची घनता वेगवेगळी असते. डबीतला मापाचा चमचा किंवा ग्रॅमचा काटा वापरा. आतड्याला त्रास देणारा आयबीएस असलेल्यांना एफओएस आणि इन्युलिन बहुतेकदा सोसत नाहीत.

मुलांना सुटी पावडर देण्याची घाई नको. तिसऱ्या वर्षापासून रोजचे एकूण तंतू 'वय अधिक ५ ग्रॅम' या ठोकताळ्याने बघा. चार वर्षांच्या मुलाला साधारण ९ ग्रॅम. बहुतेक मुलं त्याच्या खाली असतात, आणि ती भर डाळी-कडधान्यं, ओट्स, कांदा, फळं यांनी घालता येते. इसबाचा गुण येईल असं वचन त्यात नाही, पण बद्धकोष्ठ तरी सुटतं आणि खर्च नाही. एक खबरदारी: जीओएस लॅक्टोजपासून बनवतात. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर कस्तुरी यांनी सांगितलेलं इथेही लागू.

---

घननीळ

तिघांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. एक व्यावहारिक अडचण उरते. हे सगळं वाचूनही काही पालक देऊन बघणारच. त्यांना 'गुण आला की नाही' हे घरच्या घरी प्रामाणिकपणे कसं ठरवता येईल? इसब आपोआपही चढतं-उतरतं.

---

औदुंबर

अगदी. पालक पुडी आणतात ती इसब सगळ्यात जास्त उसळलेलं असताना, आणि त्या टोकावरून ते थोडं उतरणारच असतं. श्रेय पुडीला जातं. शिवाय त्याच आठवड्यात नवं मलमही सुरू झालेलं असतं.

म्हणून सुरुवात पुडीने करायची नाही. आधी दोन आठवडे फक्त ठरलेली त्वचेची निगा. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटांची आंघोळ, टिपून कोरडं करणं, लगेच मॉइश्चरायझर. सगळ्या अंगावर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. महिन्याला ५० ग्रॅमची एक ट्यूब वापरणाऱ्या घरात प्रोबायोटिकचा विचार फार पुढचा आहे. स्टेरॉईड मलम बोटाच्या पेऱ्याने मोजा: प्रौढाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेऱ्याएवढी रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती प्रौढाच्या दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. कमी लावल्याने न बरं झालेलं इसब 'हट्टी' ठरवून लोक पोटाच्या औषधांकडे वळतात, हे फार होतं.

मोजण्यासाठी पोएम हा सात प्रश्नांचा तक्ता वापरा. गेल्या सात दिवसांत किती दिवस खाज आली, झोपमोड झाली, रक्त आलं, पाणी झिरपलं, त्वचेला भेगा पडल्या, पापुद्रे निघाले, त्वचा कोरडी-खरखरीत वाटली. एकही दिवस नाही ०, एक-दोन दिवस १, तीन-चार दिवस २, पाच-सहा दिवस ३, रोज ४. एकूण २८ पैकी. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १६ मध्यम, त्यावर तीव्र. दर आठवड्याला एकाच वाराला, एकाच माणसाने भरायचा. आई एकदा आणि आजी एकदा असं केलं की आकडे जुळत नाहीत.

त्याबरोबर मलमाची ट्यूब दर आठवड्याला काट्यावर ठेवा. पोएम तेवढाच राहिला पण स्टेरॉईड मलम निम्मं लागलं, तर तोही फायदाच. फक्त गुण बघितले तर तो दिसणार नाही.

दोन आठवड्यांचे आकडे हातात आले की एकच उत्पादन सुरू करा आणि ८ ते १२ आठवडे तेच ठेवा. त्या काळात साबण, कपडे धुण्याची पावडर, आहार काही बदलू नका. पुडी सुरू केली म्हणून मलम कमी करू नका, चट्टे शांत झाले तरच करा. नंतर चार आठवडे बंद ठेवून नोंद चालू ठेवा. पोएममध्ये ३ पेक्षा कमी फरक धरायचा नाही. ४ किंवा जास्त उतरला, बंद केल्यावर पुन्हा चढला, आणि मधे ऋतू पालटला नसेल, तर चालू ठेवण्याला आधार आहे. १२ आठवड्यांत काही हललं नाही तर थांबवा. दुसरा ब्रँड, मग तिसरा, अशी साखळी लागली की पैसा जातो आणि खरे उपचार लांबतात.

---

शिरीष

राहिलेले दोन मुद्दे: क्रीम, आणि कोणाला देऊ नये.

पाण्याचा अंश असलेल्या क्रीमला टिकाऊपणासाठी परिरक्षक लागतो आणि परिरक्षक जिवाणू मारतो. त्यामुळे दुकानातल्या 'प्रोबायोटिक' क्रीममध्ये जिवंत जिवाणू सहसा नसतात. असतात ते मारलेल्या जिवाणूंचे तुकडे (लायसेट) किंवा आंबवलेल्या द्रवाचा गाळ काढलेला अर्क. याला पोस्टबायोटिक म्हणणं रास्त. व्हिट्रिओसिला फिलिफॉर्मिस या जिवाणूच्या लायसेटवर छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि थोडा फायदा दिसला आहे. अशी क्रीम मॉइश्चरायझर म्हणून चांगली असेल, सुगंधविरहित असेल आणि परवडत असेल तर लावायला हरकत नाही. ती उपचाराची जागा घेत नाही.

खरोखर जिवंत जिवाणू त्वचेवर लावण्याचं संशोधन वेगळं चालू आहे. रोझिओमोनस म्युकोसावरचे २०१८ चे सुरुवातीचे निकाल आशादायक होते, पण त्यावर आधारलेलं एफबी-४०१ हे औषध २०२१ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत टिकलं नाही. स्टॅफिलोकॉकस होमिनिस ए९ च्या २०२१ च्या चाचणीत त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस ऑरियस कमी झाला, पण एकूण रुग्णांत इसबाच्या तीव्रतेत लक्षणीय फरक पडला नाही.

पत्रकात ठळक अक्षरांत एक ओळ घाला: दही किंवा कॅप्सूलमधली पावडर इसबावर चोळू नये. आम्लाने झोंबतं हे सोडाच, फाटलेल्या त्वचेतून अन्नातलं प्रथिन आत गेलं की शरीर त्याच्याविरुद्ध उभं राहू शकतं आणि नवी अन्न-अ‍ॅलर्जी मागे लागू शकते. दही खायचं असेल तर खुशाल खा, पण ते अभ्यासातल्या स्ट्रेनच्या जागी धरू नका. दही लावणारे जिवाणू वेगळे आणि त्यांचं प्रमाणही दर वेळी वेगळं.

पोटातून कोणाला नको: मुदतपूर्व जन्मलेली बाळं (अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये एका बाळाच्या मृत्यूनंतर याबद्दल इशारा दिला), मोठ्या शिरेत नळी घातलेले रुग्ण, प्रतिकारशक्ती खालावलेले, आतड्याचा मोठा भाग काढलेले. इसबाच्याच संदर्भात विसरलं जाणारं म्हणजे सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन. तीव्र इसबाला हीच औषधं देतात आणि ती प्रतिकारशक्ती दाबतात. ही चालू असतील तर ज्यांनी ती लिहून दिली त्यांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक सुरू करू नये. नळी असलेल्या रुग्णाच्या खोलीत बोलार्डीची कॅप्सूल उघडायचीही नाही. हातावरून ती नळीत जाऊन रक्तात यीस्ट पसरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

आणि नोंदवही चालू असताना ताप, एकसारख्या गोल छिद्रासारख्या वेदनादायक जखमा, झपाट्याने पसरणारे फोड दिसले तर तो नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, डोळ्याजवळ असेल तर तासाभराचाही उशीर नको. मधासारख्या पिवळ्या खपल्या म्हणजे जिवाणूंचा संसर्ग. त्यालाही तपासणी लागते, पुडीची मात्रा वाढवून तो जात नाही.